बाळंतपणाच्या खोलीबाहेर

माझी बायको बाळंत होणाऱ्या बायकांना मारायची. हे एक वाक्य कागदावर उतरवायला मला आठ महिने लागले. ती गेल्यावर घरी भेटायला आलेल्या प्रत्येकाने तिच्या हाताला गुण होता असं सांगितलं. मी मान हलवत राहिलो. हाताला गुण होता हे खरंच आहे. त्याच हाताने ती मारायची, हेही तितकंच खरं आहे.

ती इंदापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होती. गावाचं नाव लिहीत नाही. निमगाव केतकीच्या बाजाराला जाणाऱ्या गावांपैकी ते एक, एवढं पुरे. मी बारामतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि एसटीने रोज जाऊन-येऊन करत होतो. उपकेंद्राला लागूनच आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. आमच्या स्वयंपाकघराची भिंत आणि बाळंतपणाच्या खोलीची भिंत एकच होती.

त्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. आधी कण्हणं, मग किंकाळी, मग बायकोचा चढलेला आवाज आणि त्यानंतर उघड्या मांडीवर बसलेली थापड. ओल्या कपड्यावर धोपटणं आपटावं तसा तो आवाज असे. "तोंड मिट. ती ताकद खाली लाव." पुन्हा थापड. "आता का वरडतीस? नऊ महिन्यांमागं न्हाय वरडलीस ती!" मी चहाचं आधण ठेवलेलं असायचं. गॅस मोठा करायचो, म्हणजे त्याचा आवाज होई.

एकदा मी तिला विचारलं. ती हात धूत होती, कोपरापर्यंत साबण लावून. म्हणाली, "मारलं नाही तर त्या जोर लावत नाहीत. आपल्या पोरीच्या वेळी मला नव्हतं मारलं? तेव्हा कुठं सुटले मी." ज्या मोठ्या दवाखान्यात तिचं शिक्षण झालं तिथेच तिचं बाळंतपणही झालं होतं. जिच्या हाताखाली ती शिकली त्याच सिस्टरने तिला मारलं होतं. तिच्या लेखी ही काम करण्याची एक पद्धत होती, सुई टोचण्यासारखी.

पण बायका बोलत नसल्या तरी येणं बंद करतात. वस्त्यांवरच्या बायका हळूहळू परस्पर बारामतीला जाऊ लागल्या. उसाच्या हंगामात त्या रस्त्याने पोट घेऊन जीपमधून जाणं म्हणजे काय, हे ज्याने दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे तासभर रांगत काढलाय त्यालाच कळेल. ज्यांना गाडी मिळायची नाही त्या घरातच अडून बसायच्या. मग कुणीतरी पळत यायचं, तोवर उशीर झालेला असे. तालुक्याच्या डॉक्टरांनी बायकोला स्पष्ट सांगितलं होतं, "सिस्टर, इथं बाळंतपणं होत नसतील तर टेबल उचलून दुसरीकडं नेतो. खोली बंद." तिने अर्धं आयुष्य त्या खोलीत घातलं होतं. ती खोली बंद झाली असती तर आसपासच्या सात-आठ वस्त्यांना बारामती आणि इंदापूर यांच्यामध्ये दुसरं काहीच उरलं नसतं. हे तिला कळत होतं. बायका का येत नाहीत, हे मात्र कळत नव्हतं. किंवा मला वाटतं, कळत होतं.

ती मुलगी आली तो वैशाखातला दिवस होता. कॉलेजला सुट्टी होती. मी उपकेंद्राच्या पडवीत खुर्ची टाकून वाचत बसलो होतो. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, पहिलटकरीण, माहेरी आलेली. सासर बारामती तालुक्यात, बागायतदार घर. आई विधवा, डाळिंबाच्या बागेत मजुरी करणारी. आईने मुलीला एका हाताने धरलं होतं आणि दुसऱ्या हातात पिशवी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "गुरुजी, हाय का सिस्टर?" मी आत बोट दाखवलं.

दोन तासांत भिंतीपलीकडचा तो नेहमीचा आवाज पडवीपर्यंत यायला लागला. मुलगी "आये, आये" करत होती. आईचं रडणंही ऐकू येत होतं. मग दार उघडलं आणि बायकोने आईला दंडाला धरून बाहेर काढलं.

"मावशी, बाहेर थांबा. तुमचं रडणं ऐकून ती ढिली पडतीय."

"बाई, तिला मारू नगा. बारीक हाय वो ती."

"मग तुमीच करा तिचं बाळंतपण!"

दार बंद झालं. आतून पुन्हा थापड ऐकू आली. आई दाराला कान लावून उभी राहिली. नंतर वळली, आणि मी पुस्तकावरून डोळे वर काढून बघत राहिलो, कारण तिने अंबाडा सोडला. पांढरेकाळे केस पाठीवर पडले. मग तिने पिशवीच्या बंदाची गाठ सोडली. डब्याचं झाकण काढून ठेवलं. पडवीतल्या खिडक्या उघडल्या. माझ्यासमोरच्या बेसिनचा नळ सोडला.

बाई अडली की घरातली कुलपं, पेट्या, डबे उघडतात, गाठी सोडतात, म्हणजे तिचंही अंग मोकळं होतं, अशी आपल्याकडे समजूत आहे. मी ती पुस्तकांत वाचली होती, डोळ्यांनी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मी खिशातून वही काढली आणि तिने काय काय कोणत्या क्रमाने उघडलं ते लिहायला लागलो. ती आतल्या बाजूच्या खोलीत गेली. औषधांच्या कपाटाची दारं करकरली. खोक्यांची झाकणं निघाल्याचे आवाज आले. त्यानंतर एक बारीक सूंऽऽ आवाज सुरू झाला आणि चालूच राहिला. मला वाटलं, उपकरणं उकळायचं भांडं वाफ सोडतंय. ते मात्र मी लिहिलं नाही, कारण मला महत्त्वाचं वाटलं नाही.

ऑक्सिजनच्या सिलिंडरला त्याची चावी साखळीने अडकवलेलीच असायची. तिला ते एक कुलूपच वाटलं. चावी असलेलं, अजून बंद असलेलं.

मूल जन्मलं तेव्हा रडलं नाही. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. बायकोची किंकाळीवजा हाक आली, "सिलिंडर आण!" तिच्या हाताखाली एक तरुण कंत्राटी नर्स होती, ती धावत त्या खोलीत गेली आणि तिथूनच ओरडली, "मॅडम, रिकामा आहे!" सकाळीच तिने तो भरलेला पाहिला होता.

बायको रबरी फुगा दाबून मुलाच्या छातीत साधी हवा भरत राहिली. प्रशिक्षणात तिला सांगितलं होतं की बहुतेक वेळा साधी हवाच पुरते. नंतर डॉक्टरही तेच म्हणाले, की सिलिंडर भरलेला असता तरी हे मूल वाचलं असतं असं नाही. पण त्या खोलीत तेव्हा हे ऐकायला कुणी नव्हतं. मुलाने मधूनमधून उचकीसारखा श्वास घेतला. रुग्णवाहिका आली. तरुण नर्स त्याला घेऊन बारामतीकडे निघाली. वाटेतच, सणसरच्या अलीकडे, मूल गेलं. तिने फोन केला तेव्हा दुपार कलली होती. मुलगी बाजूच्या खाटेवर होती, तिचा रक्तस्राव नुकताच आटोक्यात आला होता.

दिवस मावळायच्या आधी सासरची माणसं आली. एक जीप आणि दोन मोटारसायकली. जावई पुढे होता. "रिकामा सिलिंडर ठिवलाय हिनं! रिकामा!" ही बातमी त्यांना कुणी दिली माहीत नाही. काचा फुटल्याचा आवाज मी क्वार्टरमध्ये ऐकला. मी दारापर्यंत गेलो, कडीवर हात ठेवला. आणि कडी लावली.

यापुढचं मी पाहिलेलं नाही. भिंतीतून ऐकलेलं आणि नंतर खुणांवरून कळलेलं आहे. वजनकाटा भिंतीवर फेकला. रक्तदाब मोजायचं यंत्र पायाखाली चिरडलं. तो रिकामा सिलिंडर चौघांनी उचलून बाळंतपणाच्या टेबलावर घातला, टेबलाचा एक पाय वाकला. बायको दारात उभी होती. तिला केसांना धरून खाली पाडलं. कुणीतरी सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला. तो पहिल्यांदा तिच्या पाठीवर बसला, दुसऱ्यांदा तिने डोक्यावर धरलेल्या उजव्या मनगटावर. मनगट मोडल्याचा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या भिंतीतून मी परक्या बायकांचे आवाज ऐकले होते. त्या दिवशी माझ्या बायकोचा ऐकला.

खाटेवरची मुलगी हे सगळं बघत होती. ती काही बोलली नाही. मी तिला दोष देत नाही.

आई मात्र धावली. मोकळ्या केसांची ती बाई माझ्या बायकोवर आडवी पडली. पुढच्या लाथा तिने खाल्ल्या, सख्ख्या जावयाच्या. "मारा मला! तिनं माझी लेक वाचिवली, मारा!" तोवर चौकातली माणसं आली आणि जीप निघून गेली. गलका संपल्यावर मी कडी काढली. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मुलीचं रक्त बघा, पुन्हा जातंय का." मी काय बघणार होतो? मी नुसता उभा राहिलो. शेवटी तिनेच डाव्या हाताने चादर उचलून पाहिलं.

चौकशी लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी लेखी जबाब मागितला. बायकोच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून जबाब मी लिहायचा होता. दुसऱ्या रात्रीपर्यंत मी तिला सगळं सांगितलं होतं, अंबाडा, नळ, तो सूं आवाज. तिने फक्त ऐकून घेतलं. मी टेबलाशी बसलो आणि चांगल्या, घोटीव मराठीत दोन पानं लिहिली. त्यात एक वाक्य होतं: रुग्णाच्या आईने अज्ञान व अंधश्रद्धेपोटी ऑक्सिजनचा सिलिंडर परस्पर उघडला, यास प्रत्यक्ष साक्षीदार आहे. साक्षीदार म्हणून माझंच नाव होतं.

तिने कागद डाव्या हातात धरून वाचला.

"मास्तर शोभता," ती म्हणाली. "एक काना मात्रा चुकली नाही."

"यात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही. पण हे त्या घरात पोचलं तर जावई मावशीला जित्ती सोडंल का? आणि पोरीला नांदवतील?"

"मग तुझी नोकरी जाईल. खोली तर जाईलच."

"मावशीला बाहेर कुणी काढलं?"

मी पेनाला टोपण लावलं.

"आत बसू दिलं असतं तर ती कशाला उघडत फिरली असती? लेकीच्या उशाशी बसली असती, डोकं धरून." तिने कागद टेबलावर ठेवला. "आणि तुम्ही. तुम्ही बघत होता ना?"

"मला कळलं नाही तो आवाज कसला ते."

"लिहून घेतलंत म्हणे."

तिचा आवाज चढला नव्हता. मी तो कागद फाडला. मग तिने सांगितलं आणि मी लिहिलं. तिचीच वाक्यं होती, मी फक्त मात्रा दिल्या. सिलिंडर सकाळी भरलेला होता, बाळंतपणाच्या वेळी रिकामा होता, त्याची जबाबदारी माझी. मुलीच्या आईला मी खोलीबाहेर काढलं. मुलीला मी मारलं. मारत होते तेव्हा मी चिडले होते, आणि चिडल्यामुळे घड्याळाकडे बघितलं नाही. रुग्णवाहिका तासभर आधी बोलवायला हवी होती. शेवटचं वाक्य लिहिताना मी थांबलो. ती म्हणाली, "थांबू नका. तीच चूक आहे. सिलिंडर नाही."

डॉक्टरांसमोर ती गेली तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी जबाब वाचला आणि चष्मा काढला.

"सिस्टर, मारलं हे तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"नाही."

"मग कशाला लिहिता? असं सगळ्यांनी लिहायचं ठरवलं तर तालुक्यात एक नर्स जाग्यावर राहणार नाही."

"साहेब, मला काय करायचं ते करा. खोली बंद करू नका. आणि आत प्रत्येकीजवळ तिचं एक माणूस असू द्या. आई, जाऊ, कुणीही. बायका परत येतील."

"नियमात बसत नाही."

"मारणं बसतं का?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला आणि जबाब फायलीत ठेवला. तिला लेखी ताकीद मिळाली आणि बाळंतपणाच्या कामातून बाजूला काढलं. खोलीला कुलूप लागलं.

ते कुलूप पुढचा उसाचा हंगाम उलटून गेला तरी निघालं नाही. त्या काळात एक बाई कालव्याच्या पुलावर जीपमध्ये बाळंत झाली. पुढे ऊस भरलेली ट्रॉली उलटली होती आणि दोन्ही बाजूंनी रस्ता तुंबला होता. जीपवाल्याने बायकोला फोन केला. ती स्कूटरवर त्या तरुण नर्सच्या मागे बसून गेली. मनगट अजून वळत नव्हतं. ती मागच्या सीटशी उभी राहून तोंडाने सांगत गेली आणि हात तरुण नर्सचे चालले. आजूबाजूच्या ट्रॅक्टरवाल्यांनी धोतरं-चादरी धरून आडोसा केला होता. रक्ताने सीटचा फोम भिजला होता. बाई आणि मूल दोन्ही जगली. पण दुसऱ्या एका वस्तीवरची बाई अशीच निघाली आणि बारामतीला पोचेपर्यंत संपली. तिची सासू दोन दिवसांनी आमच्या दारात येऊन बंद खोलीच्या दारावर दगड मारत राहिली. एकामागून एक, दमेपर्यंत. बायकोने तिला अडवलं नाही. शेवटी पाणी दिलं. म्हातारी पाणी पिऊन म्हणाली, "तू मारत हुतीस म्हून बाया हितं यायला भ्याल्या न् कुलूप पडलं. मारकी असलीस तरी हितं हुतीस. आता कोन हाय?"

येणं बंद केलेल्या वस्त्यांवरच्या त्याच बाया पुढे दोन टेंपो भरून तालुक्याच्या कचेरीत गेल्या. म्हातारी सर्वांत पुढे होती. काय बोलणं झालं ते मला ऐकीव माहीत आहे, म्हणून लिहीत नाही. तरुण नर्सला सुईणकामाच्या नव्या, बऱ्याच महिन्यांच्या शिक्षणाला पाठवलं गेलं. ती परत आल्यावर कुलूप निघालं, आणि प्रत्येकीजवळ तिचं एक माणूस आत बसेल हेही मान्य झालं. बायकोला पुन्हा खोलीत घेतलं, पण आता तरुण नर्स सांगायची आणि ही ऐकायची. कळा येत असताना बाईला चालू द्यायचं, कुशीवर वळू द्यायचं, आईच्या गळ्याला लोंबकळू द्यायचं. सुरुवातीचे काही महिने ती खोलीत हात पाठीमागे बांधून उभी राहायची. मला वाटलं, मनगट दुखत असेल. विचारलं तर म्हणाली, "आपोआप उचलतो हो हात. इतक्या वर्षांची खोड."

भिंतीतून किंकाळ्या अजूनही येत होत्या. बाळंतपण सौम्य नसतंच. पण आता त्यात दुसरी एक बाई असायची, "लाव जोर, माझे बये, लाव," म्हणणारी. बायका परत येऊ लागल्या.

ती आई, मावशी, मधे एकदा डाळिंबं घेऊन आली होती. पायरीवर बसून बायकोला म्हणाली, "नातू गेला, पर लेक हाती लागली. म्या त्या दिवशी समदं उघाडलं हुतं ना, बाई. एक बी कुलूप ठिवलं न्हाय. म्हून वाचली."

मी दारात उभा होतो. बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "व्हय मावशी. म्हणूनच."

त्यानंतर दोन वर्षांनी मुलगी पुन्हा दिवसांत असल्याचं कळलं. सासरचे बारामतीत मोठा दवाखाना बघत होते. दुसरं बाळंतपण सासरीच व्हायचं, तशीच रीत. पण मुलगी अडून बसली. आईला आत बसू देतात तिथंच जाईन, असं म्हणाली. जावई तिला स्वतः घेऊन आला. सकाळची वेळ होती. त्याने बायकोला ओळखलं, मान खाली घातली आणि लांब बाभळीखाली जाऊन बसला.

मुलगी दारात थांबली. बायको पुढे झाली होती, हात पुसत. मुलीने तिच्या हाताकडे पाहिलं आणि तरुण नर्सला म्हणाली, "त्या बाई नगंत."

"अगं, आता तसं काही..." तरुण नर्स सांगू लागली.

"त्या हात लावनार असतील तर मी चालले."

आई ओशाळली. "असं म्हनू नी गं. त्यांनीच तर..."

"तुला काय ठावं, आये? तू भाईर हुतीस."

बायको म्हणाली, "बरोबर आहे तिचं." तिने गाऊन काढून खुंटीला लावला आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसली. दार बंद झालं. तिघी आत, आम्ही दोघं बाहेर. मी मांडीवरचं पुस्तक मिटलं.

कळा वाढत गेल्या. मुलगी गुरासारखी ओरडत होती, शिव्या देत होती, नवऱ्याला, आईला, देवाला. बायको प्रत्येक ओरडण्याबरोबर ओठांनी काहीतरी पुटपुटत होती. नीट ऐकलं तेव्हा कळलं, ती मिनिटं मोजत होती. डोळे भिंतीवरच्या घड्याळावर होते. एकदा उठली, दोन पावलं दाराकडे गेली, पुन्हा बसली.

"जा आत," मी म्हणालो. "काही अडलं असेल."

"तिनं नको म्हटलंय."

"आता तिला काय कळणार आहे कोण आलं ते?"

"सगळं कळतं," ती म्हणाली. "त्या वेळी सगळं कळत असतं. मला विचारा."

मग मूल रडलं. आतून मावशीचं हसणं की रडणं ते आलं. बाभळीखालचा नवरा उभा राहिला. बायको तशीच बसून होती, तिची नजर अजून घड्याळावर होती, कारण मुलामागची वार अजून पडायची होती. ती पडल्याचं आतून कुणीतरी सांगितलं तेव्हा तिने मान खाली घातली.

दार अर्धं उघडून तरुण नर्सने हाक दिली, "मॅडम, वजनकाटा बाहेरच राहिलाय."

बायकोने काटा उचलला. मनगट पूर्वीसारखं कधी झालं नाही, म्हणून तो तिने छातीशी धरून नेला. दारातून आतली खाट दिसत होती. मुलगी कुशीवर वळून मुलाकडे बघत होती आणि मग तिने दाराकडे पाहिलं. बायकोने काटा उंबऱ्याच्या आत ठेवला, वाकून, पाय बाहेरच ठेवून, आणि दार ओढून घेतलं.